आधी वापरून पाहा

प्रिय सूनबाई,

कोर्टाचा निकाल अजून लागलेला नाही, तेव्हा तुला सूनबाई म्हणायला मला कोणाची बंदी नाही. तू तो पेनड्राइव्ह ठेवून गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. जाताना म्हणाली होतीस की आई, आठवडाभर वापरा आणि कसं वाटलं ते कळवा. त्यानंतर फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी शिलाईला बसलेय असं सांगून टाळलं. आज सगळं लिहिते. लांबेल, कारण मला थोडक्यात काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहेच, आणि शेवटी जे सांगायचं आहे ते पहिल्याच ओळीत लिहायचा धीर होत नाही. गुरुवारी तारीख आहे. आपली गुंडी तुझ्याकडे राहणार की तिच्या बापाकडे, ते त्या दिवशी ठरायचं. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या सकाळी मी स्वतः येऊन तुझ्या दारातल्या पेटीत टाकणार आहे. टपालावर माझा विश्वास नाही.

आधी तुझ्या त्या सिस्टीमबद्दल. खरं सांगू? पहिल्या दिवशीच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या चिरंजिवांनी लग्नानंतर इथेच टाकून दिलेला लॅपटॉप. चालू होईपर्यंत माझा एक पडदा दुमडून व्हायचा, आणि चालू झाला की रोज तेच तुणतुणं, हा कॉम्प्युटर आता जुना झाला, नवा घ्या. म्हातारं झालं की घराबाहेर काढा, असलाच न्याय. हे मी तुझ्याजवळ बोलले ही माझीच चूक. पुढच्या शनिवारी गुंडीला सोडायला आलीस ती पेनड्राइव्ह घेऊनच. म्हणालीस, आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या सगळ्या यंत्रांजवळ हीच सिस्टीम आहे, जुन्या मशीनवरसुद्धा पळते, आणि फुकट आहे. फुकट म्हणालीस तिथेच मी अडकले. पडद्यांच्या धंद्यात छत्तीस वर्षं काढली मी. ज्या दुकानावर शिलाई फुकट अशी पाटी असते, ते कापडात मारतात. मी विचारलं की हे बनवतं कोण, तर तू म्हणालीस, जगभरातली हजारो माणसं मिळून बनवतात, आतलं सगळं उघडं ठेवतात, ज्याला हवं त्यानं बघावं, सुधारावं, वाटावं. अगं, असं कोण करतं? दांडीच्या मापाला कापड किती घ्यायचं आणि चुण्या किती घालायच्या, हे माझं गणित मी सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. आणि ही हजारो माणसं आपली विद्या चव्हाट्यावर मांडून बसली आहेत, तीही ओळखदेख नसलेल्या एका पडदेवालीसाठी! माझा विश्वास बसेना. तुझ्यावर तर त्याहून बसेना. वर्ष झालं तुमचं दोघांचं फाटून, पोरीच्या ताब्यावरून कोर्टात उभे आहात, आणि तू सासूचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला येतेस? ताकाला जाऊन भांडं लपवते आहे पोरगी, असंच मी मनात म्हटलं.

पण तू हुशार. मला माझ्याच भाषेत पकडलंस. म्हणालीस, तुम्ही गिऱ्हाइकाला नमुन्याचा तुकडा देता ना, आठवडाभर खिडकीवर टांगून बघायला, तसंच हे. पेनड्राइव्ह लावा, सुरू करा, जुन्याला हात लागत नाही. आवडलं तर मग बसवू. याला मला नाही म्हणता येईना, कारण नमुना टांगल्याशिवाय मी स्वतः एक वीतभर कापड कापत नाही. तू पुढे आणखीही काही सांगत होतीस, पण मी तेव्हा कॅमेऱ्याच्या भोकावर अस्तराचा तुकडा चिकटवत होते, त्यामुळे ते कानाआड गेलं. नेटची वायर तर तू जिना उतरायच्या आधीच काढून ठेवली. बघायचंय तर बघा म्हटलं, भिंती बघा.

त्याच रात्री चिरंजिवांचा फोन आला. गुंडीनं त्याला सांगितलं असणार. म्हणाला, आई, तिनं कॉम्प्युटरमध्ये काय घातलंय? सांभाळून राहा, कोर्टाच्या तोंडावर कोणी फुकट उपकार करत नाही. आणि जाता जाता म्हणाला की तुझ्या नावाचा एक जबाब वकिलांनी तयार केला आहे, कुरिअरनं येईल, सही करून परत पाठव. तो कागद त्या आठवड्यात आला. त्याचं पुढे सांगते.

तर माझं मत विचारतेस म्हणून प्रामाणिकपणे लिहिते. सुरू केलं की दोन बटणं येतात, एकावर "वापरून पाहा", दुसऱ्यावर "बसवा". मी रोज पहिलंच दाबलं. उघडतं झटकन, यात वाद नाही. खाली डाव्या कोपऱ्यात सगळ्या गोष्टींची यादी, जिथे माझा हात आपोआप जातो तिथेच. मला काहीच नव्यानं शिकावं लागलं नाही, आणि याचाच मला जास्त संशय आला. नवीन वस्तू इतक्या लवकर आपलंसं करायला लागली की समजावं, काहीतरी पाणी मुरतंय. जाहिरात नाही, नवा घ्या म्हणून भुंकणं नाही. आणि तो प्रिंटर! चार वर्षं त्याच्यासमोर मी आणि दोन तंत्रज्ञ हात टेकून बसलो होतो. यात वायर लावली आणि निमूटपणे पान बाहेर आलं. मी ते पान मागूनपुढून तपासलं. पत्त्यांचा खेळ आहे, त्यात मी ओळीनं तीन डाव हरले, तेवढा एक गुण मी त्याच्या पदरात घातला. लबाड असता तर मला जिंकू दिलं असतं.

मग मंगळवारी व्हायचं ते झालं. दातांच्या नव्या दवाखान्याच्या अकरा खिडक्या मी सोमवारी मोजून आले होते, ती सगळी मापं दुपारी त्यात भरली, नाव देऊन नीट जपून ठेवली. सकाळी उघडते तो काय, काहीच नाही! पाटी कोरी. एक खिडकी सापडेल तर शपथ. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की तू नेलीस. दातवाल्याच्या खिडक्यांची मापं घेऊन तू काय करणार, हा विचार मात्र मला शिवला नाही. बरं झालं, मी वहीतही लिहून ठेवली होती. वहीशिवाय मी आजवर कोणावरच विसंबले नाही. असं आणखी दोनदा झालं. शेवटी लॅपटॉप काखेत मारून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले, ते टकलू गृहस्थ, ज्यांच्या दुकानाला मी निळे पडदे शिवून दिले होते. त्यांना म्हटलं, बघा हो, यातून माझी सून माझा माल चोरते आहे. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि पोट धरून हसत सुटले. म्हणाले, मावशी, तुम्ही नेट लावलेलंच नाही, कोण काय आणि कुठून नेणार? तुम्ही दोन आठवडे नुसतं वापरून पाहताय. ही सिस्टीम अजून तुमच्या कॉम्प्युटरवर बसलेलीच नाही, बंद केली की दिवसभराचं सगळं विसरते. तुमच्या सुनेनं सांगितलं नाही का? आता कोणत्या तोंडानं सांगू की सांगितलं असेल, मी भोक बुजवत होते.

घरी आले ती फार शरमून आले असं वाटत असेल तुला. छे. संशय असा एका हसण्यानं जात नाही. उलट मला वेगळाच आनंद झाला. रोज संध्याकाळी सगळं विसरणारं कोणीतरी घरात असणं ही केवढी सोय! मी त्यात तुला पत्रं लिहायला लागले. रोज एक. जे जे सात वर्षं घशात अडकलं होतं ते ते लिहिलं. तू माझं घर फोडलंस, लग्नाला तीन महिने होत नाहीत तो माझ्या एकुलत्या एका मुलाला घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटलंस, आणि एवढं करून तुला तो सांभाळताही आला नाही. याहून वाईटही लिहिलं, ते इथे लिहीत नाही. लिहायचं, वाचायचं, मशीन बंद करायचं. सकाळी पाटी कोरी आणि माझा राग होता तिथेच.

दुरुस्तीवाल्यांनी निघताना एक गोष्ट बजावली होती. म्हणाले, मावशी, मनात आलं तर खुशाल बसवा, पण सगळी जागा नव्या सिस्टीमला दिलीत तर जुनं पुसलं जाईल. आधी जुन्या फाइली उघडून बघा, हव्या त्या बाजूला काढा. कुठे दाबायचं तेही दाखवलं. गेल्या गुरुवारी दुपारी काम कमी होतं म्हणून बसले. जुन्या सिस्टीममध्ये माझं खातं वेगळं होतं आणि चिरंजिवांचं वेगळं, त्याला कुलूप. सात वर्षांत मला ते कधी उघडता आलं नाही, आणि मुलाचं कुलूप आई कशाला उघडेल म्हणून मी फार खटपटही केली नाही. आणि तुझ्या या नमुन्याच्या तुकड्यानं पासवर्ड बिसवर्ड काही न विचारता सगळी कपाटं माझ्यासमोर उघडी टाकली. मी ओरडलेच, अगं बाई, हा तर दरोडेखोर! उठून दार लावून घेतलं. मग बघायला बसले. आपल्याच पोटच्या पोराची कपाटं बघायला कसली चोरी, म्हटलं.

फोटो होते, कॉलेजची कामं होती, आणि "जागा" नावाचा एक फोल्डर होता. त्यात एका खोलीचा नकाशा. नकाशे मला वाचता येतात, इंजिनिअर लोक त्यावरूनच माझ्याकडून पडद्यांचा अंदाज घेतात. पूर्वेला एक खिडकी साडेचार फुटांची, दक्षिणेला एक लहान. दोन्हींवर गुंडाळीचे ब्लाइंड दाखवलेले, पडदेवालीच्या मुलानं! आधी मला त्याचाच राग आला. मग आतलं सामान बघितलं. पलंग एकाचा. टेबल एक. खुर्ची एक. मला वाटलं, दुसरी खुर्ची काढायची राहिली असेल. मग शेजारची फाइल उघडली. ते घर दाखवणाऱ्या एजंटला लिहिलेलं पत्र होतं. राहणारा मी एकटा, घरचं कोणी येऊन राहण्याचा प्रश्न नाही, आईला जागा पक्की झाल्यावरच सांगणार आहे, तोवर घरच्या नंबरवर फोन करू नये. तारीख बघितली. चष्मा पुसून पुन्हा बघितली. नऊ वर्षांपूर्वीची. तुझी त्याची ओळख झाली ती त्यानंतर दीड वर्षानं. त्या जागेचं पुढे काय फिसकटलं कोण जाणे. पण त्या खोलीत मी नव्हते आणि तूही नव्हतीस. तुझं नावही त्याला ठाऊक नव्हतं.

सूनबाई, माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस आला, तुम्ही वेगळे निघालात तो. तो म्हणाला होता की आई, हिला वेगळं राहायचंय, मी तरी काय करू. तू दारात मान खाली घालून उभी होतीस. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आता विचारते, वेगळं त्यालाच राहायचं होतं हे तुला तेव्हा माहीत होतं का? की तुलाही त्याच क्षणी कळलं, की तू काय मागितलं आहेस? आणि कळूनही गप्प का राहिलीस? तुमच्या नव्या घराच्या खिडक्या मोजायला मी मुद्दाम आले नाही. तू माझे जुने पडदे नेलेस, ते चार इंच आखूड पडले, तर तू तुझ्या हातानं खालची दुमड उसवून वाढवलीस. वाकडी शिलाई होती. मी चार माणसांत हसले होते तिला. तू तेव्हाही काही बोलली नाहीस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी गिऱ्हाइकांना ऐकवत आले आहे आयुष्यभर. पण मुलगा आईपासूनही पळाला आणि बायकोपासूनही, आणि दोन्ही वेळा दोष तुझा, हे मी कुठल्या टेपनं मोजलं होतं?

मग मी उठले आणि त्याच्या त्या जबाबाची प्रत काढली. दोन प्रती आल्या होत्या, एक ठेवून घ्यायला होती. ती पहिल्यांदा वाचली. त्यात माझ्या तोंडी लिहिलं आहे की सून स्वभावानं भांडखोर, तिच्या हट्टापायी मुलानं घर सोडलं. इथवर मी स्वतःही रोज तेच लिहीत होते, म्हणून फार दचकले नाही. पण पुढे लिहिलं आहे की दर शनिवारी कामावर जाताना ती पाच वर्षांच्या मुलीला घरात एकटी सोडून जाते, जवळ कोणीही मोठं माणूस नसतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. शनिवारी! अगं, दर शनिवारी गुंडी माझ्या कापायच्या टेबलाखाली बसलेली असते, कापडाचे तुकडे अंगावर घेऊन. तू तिला साडेसातला आणून सोडतेस, दुपारी तीनला नेतेस, आणि मी दर वेळी कुरकुर करते की पाच मिनिटं उशीर झाला. जवळ कोणी नसतं म्हणे! मग मी कोण? माझ्याच नावाच्या कागदात मी कोणी नाही. आणि हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, शनिवारी फोन करून तो तिच्याशी माझ्याच फोनवर बोलतो. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर तिची उंची आहे, मापाची टेप घेतेच मी, दर शनिवारी, तारीख घालून. गेल्या चौदा महिन्यांत तीन शनिवार सोडले तर एकही चुकलेला नाही, आणि त्या तीन शनिवारी तिला ताप होता म्हणून तू रजा घेतलीस. ती पानं या पाकिटात आहेत. वही फाडताना जीव कासावीस झाला, पण फाडली.

आता ते लिहिते ज्यासाठी हे पत्र. तो जबाब मी सही करून पाठवून दिला आहे. ती जागेची फाइल उघडली त्याच्या तीन दिवस आधी, सोमवारी. न वाचता. मी, जी कापडाचा ताका दुकानदारानं मोजून दिला तरी घरी येऊन पुन्हा मोजते, जी तुझ्या फुकटच्या सिस्टीमला तेवीस दिवस दारातच उभी ठेवते, त्या मी मुलाचा कागद आहे म्हणून न वाचता खाली नाव लिहिलं. आता तो त्याच्या वकिलाकडे आहे आणि गुरुवारी तुझ्याविरुद्ध वाचला जाईल. त्याला फोन करून परत मागितला, तर म्हणाला, आई, तिनं तुझे कान भरलेत. म्हणून हे पत्र हातानं लिहिलं आहे. तुझ्या वकीलबाईंना दे. सबंध दे, मधलं एक पानही झाकू नकोस. माझा संशय, तुला लावलेली चोरी, तुझ्यावरचा सात वर्षांचा राग, सगळं त्यांना वाचू दे, म्हणजे कळेल की हे तुझ्या लाडात येऊन लिहिलेलं नाही. लॅपटॉपवर अजून काही बसवलेलं नाही, ते नकाशे लागले तर जसेच्या तसे असावेत म्हणून. गुरुवारी मी येते आहे. पहिला जबाब खोटा आहे हे माझ्या तोंडानं सांगणार आहे. पण तो समोर उभा असेल, माझा एकुलता एक, आणि त्याच्याकडे बघून माझी जीभ अडखळली, मी रडले, किंवा घाबरून पुन्हा त्याच्याच बाजूनं काही बोलून गेले, तर माझं ऐकू नकोस. वकीलबाईंना उठून हे वाचायला सांग, आणि ते संपेपर्यंत मला खाली बसू देऊ नकोस.

तुझीच,
गुंडीची आजी

(वरची सही मी वाचून केली आहे.)